डेपोतली नऊ चित्रं

११ जानेवारी

सापडली! एकेचाळीस वर्षांनी सापडली!

सकाळी दाढी करत होतो. एका गालाला साबण तसाच होता नि फोन वाजला. कॉलेजच्या ग्रंथपालबाई. जुन्या इमारतीची दुरुस्ती चालली आहे, काल शिल्पकला विभागाच्या माळ्यापुढचं प्लायवूड उचकटलं, तर मागे एक जाडजूड गुंडाळी निघाली. आत नऊ कॅनव्हास. प्रत्येकाच्या पाठीवर माझं नाव आणि हजेरी क्रमांक.

"तुम्हीच ना ते? छत्री शोधणारे आजोबा काढणारे?" बाईंनी विचारलं.

तिसरीच्या पाठ्यपुस्तकातलं चित्र. आजोबा डोक्यावर छत्री धरून घरभर छत्री शोधतायत. तीस वर्षं पाठ्यपुस्तकांच्या कचेरीत चित्रं काढली, हजारांनी काढली, आणि लोकांना आठवतात हे आजोबा! मी म्हटलं, "हो, पण ते पोटापाण्याचं काम हो. तुम्हाला जे सापडलंय ते खरं काम."

तसाच साबणासकट स्वयंपाकघरात गेलो नि हिला सांगितलं. हिने गॅस बारीक केला, माझ्याकडे पाहिलं.

"मग आता काय सांगणार लोकांना?"

"म्हणजे?"

"काही नाही. दाढी पुरी करा."

हिला कधीकधी आनंद दाखवता येत नाही. आयुष्य रक्ताच्या नमुन्यांत गेलं. सूक्ष्मदर्शकातून डोळा काढायचीच सवय नाही.

१२ जानेवारी

रात्र नीट झोपून काढली. वाटलं होतं झोप लागणार नाही. पण लागली, आणि छान लागली. उठल्या उठल्या लिहायला बसलोय, कारण आता या वहीला काहीतरी काम मिळालं.

एकदा सगळं कागदावर असलेलं बरं. आमचं शेवटचं वर्ष. मी बस डेपोच्या कार्यशाळेवर नऊ चित्रं केली, आठ मोठी नि एक मध्यम. बसखाली झोपलेले, टायर काढणारे, इंजिनावर वाकलेले मेकॅनिक. डेपोत जाऊन, माणसं समोर उभी करून केलेलं काम. आमचे सर, जे कोणालाच चांगलं म्हणत नसत, ते माझ्या चित्रांपुढे पाच मिनिटं गप्प उभे राहिले होते. वार्षिक प्रदर्शनाचं पदक माझं, हे सगळ्या वर्गाने गृहीत धरलेलं होतं.

प्रदर्शनाच्या आठ दिवस आधी मला कावीळ झाली. घरी पडून होतो. तेवढ्यात गच्चीवरची पाण्याची टाकी फुटली आणि दालनाच्या भिंतीवरून पाणी वाहिलं. तीन आठवड्यांनी परत आलो तर माझ्या भिंतीवर नुसते खिळे. पदक लंब्याला मिळालेलं.

लंब्या माझा खोलीतला सोबती, चार वर्षांचा. त्याचं म्हणणं, "भिंत ओली झाली म्हणून मी तुझी चित्रं काढून शिपायाकडे दिली." शिपाई तोवर बदली होऊन कुठे गेला त्याचा पत्ता नाही. चित्रं कुठे आहेत, कोणालाच ठाऊक नाही. इतकी सोयीस्कर गोष्ट! मी भर वर्गात त्याला चोर म्हणालो. त्या दिवसापासून आजपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही.

असो. आज त्याचा विषय कशाला? आज माझा दिवस आहे.

१४ जानेवारी

टेम्पो करून गुंडाळी घरी आणली.

ग्रंथपालबाईंनी सही घेतली आणि स्वतः जिन्यापर्यंत आल्या. माळा पाहिला. कोरडा, अंधारा, शिल्पांच्या तुटक्या साच्यांनी भरलेला. दुरुस्तीवाल्यांनी कुठल्याशा वर्षी त्याच्यापुढे प्लायवूड ठोकलं आणि आत काय आहे हे कोणी पाहिलंच नाही. नशीब म्हणतात ते हेच.

गुंडाळी मात्र झकास बांधलेली. कॅनव्हास चौकटींवरून खिळा खिळा काढून सोडवलेले, एकही कोपरा फाटलेला नाही. रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळलेले. हे माहीत नसलेला माणूस हमखास उलटं करतो, रंग आत ठेवतो, मग रंगाला सुरकुत्या पडून तो सुटतो. प्रत्येक दोघांच्या मधे वर्तमानपत्र घातलेलं. वरून तीन जागी नाडी, घट्टही नाही, सैलही नाही. शिपाई मोठा हुशार असला पाहिजे.

टेम्पोवाल्याने नाव विचारलं, सांगितलं, तर त्याने गाडी बाजूला घेतली. "म्हणजे ते छत्रीवाले आजोबा तुमचे? अहो, मी तिसरीत दोनदा होतो. दोन्ही वर्षं त्या आजोबांनी तारलं मला!" मागे नऊ कॅनव्हास ठेवलेत आणि हा आजोबांचं बोलतोय.

१५ जानेवारी

दिवाणखान्यातलं सगळं सामान आतल्या खोलीत. सोफा उभा करून बाल्कनीत. चित्रं जमिनीवर पसरली, कडांना पुस्तकं ठेवली. चार इथे, तीन जेवणाच्या टेबलाच्या जागी, दोन दारातून बाहेर डोकावतायत.

काय ताकद! काय रेषा! बावीस वर्षांच्या पोराने केलंय यावर मलाच विश्वास बसेना. खांदे बघा, दंड बघा. हातात पाना घेतलेला तो मेकॅनिक असा उभा आहे की सगळी बस त्यानेच उचलून धरावी.

संध्याकाळी लेक दवाखाना बंद करून आली. दातांची डॉक्टर आहे, तिला वेळ नसतो, तरी मुद्दाम आली. कडेकडेने सगळी चित्रं पाहिली.

"बाबा, केवढी मोठी आहेत!"

"आहेतच."

"नाही, म्हणजे खरंच खूप मोठी आहेत."

बोलता येत नव्हतं पोरीला. इतकी भारावली.

हिने चष्मा लावून एकेक चित्र पाहिलं. बराच वेळ. मग म्हणाली, "सगळ्यांच्या माना अशा लांब का हो?"

मी सांगितलं की त्याला शैली म्हणतात. मान लांब केली की आकृतीला उंची येते, श्रमाला प्रतिष्ठा येते.

"अस्सं," ही म्हणाली.

१७ जानेवारी

गॅलरीवाली येऊन गेली. तीच, जिने दोन वर्षांपूर्वी माझा प्रदर्शनाचा अर्ज फार गोड शब्दांत परत केला होता. आता स्वतः फोन करून आली. चपला दाराबाहेर काढून, चित्रांच्या मधल्या फटींतून पाय ठेवत ठेवत फिरली. फोटो काढले. मी बोलत होतो, ती लिहून घेत होती. टाकी, कावीळ, पदक, माळा. "पुढे? पुढे?" करत होती.

"सोळा फेब्रुवारीला दालन रिकामं आहे," ती म्हणाली. "'चार दशकांनी उजेडात आलेली अनमोल चित्रं' असं म्हणू या. गोष्ट फार सुंदर आहे."

"आणि चित्रं?"

"हो, चित्रंही."

ठरलं. सोळा फेब्रुवारी. आजवर भेटलेल्या प्रत्येकाला मी सांगत आलो की माझं सर्वोत्तम काम हरवलंय. लोक मान डोलवायचे. आता बघतील.

जाताना तिने तिच्या मुलीसाठी आजोबांचं एक चित्र काढून द्याल का म्हणून विचारलं. दिलं काढून, दोन मिनिटांत, तिच्याच वहीच्या पानावर. माणूस कामाचा आहे, नाराज कशाला करा?

१८ जानेवारी

चौकटींची ऑर्डर दिली. सागवान नको, साधं पाइन चालेल. सुतार म्हणाला, पंधरा दिवस.

२० जानेवारी

आज भांडण झालं.

मी चित्रांना नावं देत बसलो होतो. 'लोखंडाचे सोबती', 'पहाटेची पाळी' वगैरे. ही भाजी निवडत होती. निवडता निवडता म्हणाली, "एक सांगू? रागावणार नसाल तर."

"सांग की."

"ह्यांच्यातला एकही माणूस काम करत नाहीये."

मी विचारलं, म्हणजे काय?

"म्हणजे हा बघा. हातात पाना आहे, पण पाना कशालाच लागलेला नाही. ह्याने टायर धरलाय, पण टायरचं वजन ह्याच्या हातात दिसत नाही. आणि सगळे कुठे बघतायत? हातांकडे कोणीच बघत नाही. मी तेहतीस वर्षं सुई टोचली. काम करताना माणूस हातांकडे बघतो."

मी म्हटलं, तुला कलेतलं काय कळतं. तिने देठं गोळा केली आणि ती आत गेली.

नावं देणं राहिलंच.

२१ जानेवारी

अबोला. मी मुद्दाम चित्रांतूनच ये-जा करतो. ती बाल्कनीत, उभ्या केलेल्या सोफ्याच्या आडोशाला स्टूल घेऊन पेपर वाचते.

२२ जानेवारी

हिला खोटं पाडायचं म्हणून सकाळी डेपोत गेलो. चित्रवही घेतली, तीन पेन्सिली घेतल्या. फाटकावर निवृत्तीचं ओळखपत्र दाखवलं. मुख्य मेकॅनिक जाड भिंगांचा चष्मेवाला. म्हणाला, "बसा काका, फक्त खड्ड्यात पडू नका."

चार तास बसलो.

लिहायला जड जातंय, पण या वहीत खोटं लिहायचं नाही असं पहिल्या पानावर लिहिलंय मी. कोणीही उभं नव्हतं. एकाचं अर्धं अंग इंजिनात गेलेलं, बाहेर नुसती पाठ आणि एक पाय, आणि तो पाय तोल सांभाळायला अधांतरी हलत होता. दुसरा नट फिरवताना ओठ दाताखाली धरत होता. तिसरा बोटांनीच काहीतरी चाचपत होता, डोळे मिटून, कारण तिथे डोळ्यांचा उपयोग नव्हता. दंड कोणाचेच फुगलेले नव्हते. सगळे वाकलेले, मुडपलेले, कोंबलेले.

वहीची अठरा पानं भरली. डेपोतून निघताना चष्मेवाल्याने वही मागितली, एकेक पान उलटलं आणि सगळ्यांना हाका मारून बोलावलं. "अरे, हा तर मी! हा पाय माझाच!" खूप हसले. मग एकाने विचारलं, "काका, तुम्ही पुस्तकात काढायचात का? ते आजोबा..." मी हो म्हटलं आणि निघालो.

घरी येऊन चित्रांपुढे उभा राहिलो.

ती मेकॅनिकची चित्रं नाहीत. सरांच्या भिंतीवर परदेशी चित्रांचे छापील तक्ते असायचे, त्यांतली माणसं मी बसखाली नेऊन उभी केलीत. सर पाच मिनिटं गप्प का राहिले असतील, हेही आता वेगळंच वाटायला लागलंय.

ही चहा घेऊन आली. मी म्हटलं, "तुझं बरोबर आहे."

"मला माहीत आहे," ही म्हणाली. "साखर कमी घातलीय."

२३ जानेवारी

बरं वाटतंय, हे विचित्र आहे. वाईट वाटायला हवं होतं. एकेचाळीस वर्षं डोक्यावर मोठं भांडं घेऊन फिरावं, आणि खाली उतरवून पाहिल्यावर ते रिकामं निघावं! मान दुखायची थांबली एवढं खरं.

बावीस वर्षांच्या पोराची चित्रं आहेत, तशीच दिसणार. त्याला हात होता. नजर यायची होती.

२५ जानेवारी

ही आज वर्तमानपत्रं वाचत होती, गुंडाळीतली. जुन्या जाहिराती वाचून दाखवत होती. मग म्हणाली, "टाकी कुठल्या तारखेला फुटली होती?"

मी तारीख सांगितली. ती माझ्या डोक्यात खिळ्यासारखी आहे.

"हे पेपर दुसऱ्या दिवशीचे आहेत. सगळेच्या सगळे." तिने पान माझ्यापुढे धरलं. "म्हणजे टाकी फुटली त्याच्या दुसऱ्याच दिवशी कोणीतरी हे बांधलं."

"शिपायाने."

"शिपायाला रंगाची बाजू बाहेर ठेवायची हे कुणी शिकवलं?"

मी या वहीची पानं मागे उलटली. चौदा तारखेला मी इथेच, याच वहीत, सगळं स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय. खिळा खिळा, नाड्या तीन जागी, जाणणाऱ्याचा हात. लिहिलं आणि पुढे टेम्पोवाल्यावर गेलो.

कोपऱ्यात पडलेली नाडी हातात घेतली. गुंडाळीवरून ती नुसती सरकवून काढली होती, त्यामुळे गाठ अजून तशीच होती. दुहेरी, डावीकडून घातलेली. आमच्या खोलीत मच्छरदाणी कोण बांधायचं? मला कधीच यायची नाही.

त्याने खरं सांगितलं होतं. पहिल्या दिवशी, पहिल्या वाक्यात, सगळं खरं सांगितलं होतं.

२६ जानेवारी

"तो कुठे असेल?" मी विचारलं.

"पोस्टाच्या मागच्या गल्लीत. पाट्या रंगवायचं दुकान आहे," ही म्हणाली.

"तुला कसं ठाऊक?"

"आमच्या प्रयोगशाळेची पाटी त्यांनीच रंगवली. दर तीन वर्षांनी अक्षरं उजळून द्यायचे."

"कधीपासून?"

"वीस वर्षं झाली असतील. चांगले आहेत. तुमची चौकशी करायचे."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही त्यांचं नाव काढू देत नव्हतात." मग म्हणाली, "ते 'तिसरीचं पुस्तक पाहिलं, आजोबा झकास जमलेत' असं सांगा म्हणाले होते. मी सांगितलं नाही, एवढी माझी चूक."

२८ जानेवारी

गेलो. दुकानासमोरून गेलो. गल्लीच्या टोकाला औषधं घेतली, ज्यांची गरज नव्हती, आणि दुसऱ्या बाजूने परत आलो. आत एक उंच माणूस पाठमोरा होता. केस पांढरे.

हिने औषधांची पिशवी उघडून पाहिली. "खोकला झालाय का तुम्हाला?"

३० जानेवारी

आज आत गेलो. लेकीने दवाखान्यात जाता जाता गाडीने सोडलं आणि मी दुकानात शिरेपर्यंत हलली नाही. हिनेच सांगितलं असणार.

छोटं दुकान. एका बाजूला पाट्या छापणारं यंत्र, दुसऱ्या बाजूला अजून हाताने रंगवायच्या पाट्या. लंब्या स्टुलावर बसून एका शाळेच्या पाटीवर अक्षरं काढत होता. हाताखाली आधाराची काठी, ब्रश स्थिर. मी आल्याचं त्याने पाहिलं. 'विद्यालय' मधला 'द्या' पुरा केला, ब्रश धुतला, मग वळला.

"जाड झालास," तो म्हणाला.

"तू नाही झालास."

"बस. तिथे नको, ती ओली आहे."

मी बसलो. खूप तयारी केली होती, वाक्यं जुळवली होती. एकही आलं नाही. काखेतली गुंडाळी उलगडून त्याच्या टेबलावर पसरली. पाना धरलेला मेकॅनिक.

तो उभा राहून पाहत राहिला. मग हसायला लागला. हसता हसता डोळे पुसले.

"अरे, किती दिवसांनी भेटलो मी मला!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? हा मी आहे लेका! सगळ्यांच्या धडांवर माझीच मान आहे. तीन महिने खोलीत उभा राहिलो तुझ्यासमोर, हातात पाना घेऊन. पाना म्हणजे तरी काय, खानावळीतली पळी! 'हलू नकोस, हलू नकोस.' दंड भरून यायचे माझे."

"मी डेपोत जाऊन काढली ही चित्रं."

"दोनदा गेलास तू डेपोत. ऑइलच्या वासाने तुला उलटी झाली, मग म्हणालास, 'लंब्या, तूच उभा राहा.'"

आठवलं. एकदम सगळं आठवलं. खिडकीतला उजेड, त्याची लांब मान, माझं 'हलू नकोस' ओरडणं. इतकी वर्षं मी लोकांना डेपोची गोष्ट सांगत आलो, आणि सांगता सांगता मलाच ती खरी वाटायला लागली.

मग सांगितलं. "मी तुला चोर म्हणालो. तू वाचवली होतीस."

"हो."

"का वाचवलीस? पदक तसंही तुला मिळणार होतं, माझी नसती तर."

"म्हणून तर." तो परत स्टुलावर बसला. "मला तुला हरवायचं होतं. तुझी चित्रं पाण्यात गेली आणि मग मी जिंकलो, तर त्यात जिंकलो काय नि नाही काय! भिंतीवर पाणी यायला लागलं तसा आधी तुझी उतरवली. माझी दोन भिजली त्यात. शेवटी पदक मिळालं तेही तसंच, तुझ्या रिकाम्या भिंतीशेजारी."

मला वाटलं आता तो पुढे म्हणेल की माझ्यामुळे त्याने चित्रकला सोडली. धीर करून विचारलं.

"छे रे! स्वतःला फार मोठा समजू नकोस. मला अक्षरं आवडतात. चित्रात काय, कोणालाही काहीही वाटतं. अक्षर चुकलं की चुकलं."

थोड्या वेळाने म्हणाला, "एक सांगू? चित्रं काही खास नाहीत."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"आठ दिवस झाले."

"मला तेव्हापासून ठाऊक होतं," तो म्हणाला आणि आम्ही दोघंही हसलो. चहा मागवला. चहा झाल्यावर मी म्हटलं, "माफ कर."

त्याने मान हलवली. "असं नाही. इथे चार भिंतींत काय माफी मागतोस? चोर म्हणालास तेव्हा बावीस जण होते वर्गात. मी मोजले होते."

मी त्याच्याकडे पाहिलं. हसत होता, पण तेवढ्यापुरतंच.

"ठीक आहे," मी म्हटलं.

२ फेब्रुवारी

वर्गाची हजेरी लंब्याला तोंडपाठ आहे. बावीसपैकी पाच जण गेले. दोघं परदेशी. तिघांचा पत्ता नाही. उरले बारा. काल आणि आज मिळून मी अकरा जणांना फोन केले. प्रत्येकाला तेच सांगितलं. सोळा तारखेला या, चित्रांसाठी नाही, एक काम राहिलंय. चित्रं पण आहेत.

बाराव्या जागी उरली ती, जिला आम्ही 'कावळी' म्हणायचो; तिला सगळ्यांत शेवटी फोन कर असं लंब्या म्हणाला. तिने सगळं ऐकून घेतलं नि म्हणाली, "त्या दिवशी मी तुझ्या बाजूने बोलले होते. मलाही यावंच लागणार मग."

५ फेब्रुवारी

गॅलरीवालीकडे गेलो. सरळ सांगितलं. चित्रं सामान्य आहेत, 'अनमोल' हा शब्द काढा.

तिने दार लोटलं. "सर, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण लोक गोष्ट बघायला येतात."

"मग खरी गोष्ट लावू."

"खरी कुठली?"

सांगितली. ती बराच वेळ टेबलावर पेन आपटत राहिली. मग म्हणाली, ही जास्त चांगली आहे. मी म्हटलं, चांगली आहे म्हणून नाही, खरी आहे म्हणून. तिने ते लिहून घेतलं. या बाईचं काही सांगता येत नाही.

डेपोतली ती अठरा पानंही लावायची म्हणतेय. म्हटलं, ती नुसती कच्ची रेखाटनं आहेत, चित्रं नव्हेत. "मला दाखवा तरी," म्हणाली. दाखवली. एका पानावर अडकली, इंजिनात गेलेल्या माणसाचा तो अधांतरी पाय. पेन आपटायची थांबली. म्हणाली, आतल्या छोट्या दालनात सगळी लावते. लाव बाई, जागा आहे तर.

९ फेब्रुवारी

लंब्या चार दिवस आमच्याकडे येतोय, कॅनव्हास चौकटींवर ताणायला. त्याचे हात माझ्यापेक्षा मजबूत आहेत. मी खिळे देतो. तो ओरडतो, "कोपरा! आधी कोपरा!" हिच्याशी त्याच्या वीस वर्षांच्या गप्पा आहेत. मला त्यांतल्या अर्ध्या कळत नाहीत.

दालनाबाहेरची पाटी तो हाताने रंगवतोय. यंत्राची नको म्हणाला.

१२ फेब्रुवारी

पाटीवरच्या मजकुरावरून वाद. मी लिहून दिलं होतं, 'विद्यार्थीदशेतली नऊ चित्रं', खाली माझं नाव, त्याखाली 'ही चित्रं वाचवली', आणि त्याचं नाव, माझ्याइतक्याच आकारात. तो म्हणतो, स्वतःचं नाव स्वतः रंगवायची लाज वाटते. मी म्हटलं, मग मी रंगवतो. त्याने माझ्या अक्षराकडे पाहिलं आणि मुकाट्याने ब्रश घेतला.

१६ फेब्रुवारी

आत्ताच घरी आलो. अजून बूट पायातच आहेत. लिहून टाकतो, नाहीतर उद्या मी त्यात भर घालीन. माझी सवय आता मला कळली आहे.

बारापैकी दहा जण आले. एकजण काठी घेऊन, एकजण लेकाच्या हाताला धरून. कावळी पांढरी झाली आहे. सगळ्यांनी चित्रं पाहिली, आणि कोणाला चित्रांपुढे काय बोलावं ते कळेना, मग सगळे लंब्याच्या मानेवर हसले. "हाही लंब्या! हाही!" मोजत सुटले. आठ चित्रांत अकरा लंब्या निघाले. नवव्या, मध्यम आकाराच्या चित्रात माणूसच नाही, नुसती बस आहे. ते बरं जमलंय, असं सगळ्यांचं मत.

डेपोचा चष्मेवाला चार जणांना घेऊन आला होता. ते आतल्या दालनातून बाहेर यायलाच तयार नव्हते. बरीच गर्दी तिथेच होती. पंखा तिथे चांगला आहे म्हणून असेल.

मग गॅलरीवालीने टाळ्या वाजवून सगळ्यांना गोळा केलं आणि मी उभा राहिलो. लंब्या मागच्या भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभा. ही खुर्चीत, लेक तिच्या मागे.

मी म्हणालो, "एकेचाळीस वर्षांपूर्वी याच शहरात, भर वर्गात मी एका माणसाला चोर म्हणालो. तो चोर नव्हता. त्याने स्वतःची दोन चित्रं भिजू दिली आणि माझी नऊ वाचवली. त्याने खरं सांगितलं, मी ऐकलं नाही. ज्यांनी तेव्हा तो 'चोर' शब्द ऐकला होता, त्यांच्यापुढे मी आज त्याची माफी मागतो."

मी लंब्याकडे पाहिलं.

त्याने कानाला हात लावला. "ऐकू आलं नाही. मोठ्याने."

त्याचे कान शाबूत आहेत. दुकानात बसून गल्लीच्या टोकाची सायकल ओळखतो तो. मला कळलं, त्यालाही कळलं की मला कळलं.

मी पुन्हा म्हणालो. मोठ्याने. माफी मागतो.

"अजून जरा."

कोणीतरी हसलं. मग कोणी हसलं नाही. तिसऱ्यांदा म्हणताना माझा आवाज चिरकला, पण मी थांबलो नाही, शेवटच्या शब्दापर्यंत गेलो. बाहेर रस्त्यावरसुद्धा ऐकू गेलं असेल.

लंब्याने हाताची घडी सोडली.

"आता आलं," तो म्हणाला.